पटावरून कमी

दिवाळीच्या सुट्टीच्या आदल्या दिवशी प्राचार्य राजूरकरांनी भुजंग गिरामला खोलीत बोलावून घेतलं. साल एकोणीसशे एकोणसाठ. परभणीतलं ते कॉलेज अजून नवंच होतं आणि भुजंग तिथं अर्थशास्त्राचा हंगामी ट्यूटर होता. दर जूनमध्ये त्याची नेमणूक नव्यानं व्हायची, म्हणजे प्राचार्यांच्या मनात असेल तर व्हायची.

"बसा गिराम," प्राचार्य म्हणाले. एरवी ते त्याला उभ्यानंच काम सांगत. "डिसेंबरात तपासणी समिती येते आहे. खेड्यातली मुलं पहिल्याच वर्षी कॉलेज का सोडतात, याचं रीतसर संशोधन करून अहवाल द्या, असं त्यांचं पत्र आलंय. तुम्ही त्यांच्यातलेच. त्यांची बोली तुम्हाला येते. सुट्टीत जरा गावोगाव फिरून या."

त्यांनी टाइप केलेल्या तक्त्यांचा गठ्ठा पुढं सरकवला. वर मुलाचं नाव, गाव. खाली पाच कारणं: शेतीची कामे, लग्न, आजारपण, पालकांची अनिच्छा, अभ्यासाची कुवत नसणे. प्रत्येक कारणापुढं खूण करायला एक चौकोन.

"कारणं आधीच लिहिलेली आहेत सर," भुजंग म्हणाला.

"तुमचं काम सोपं व्हावं म्हणून."

भुजंगला ते खटकलं, पण त्यानं गठ्ठा उचलला. कारण हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो स्वतः दहा वर्षं वाट बघत होता.

भुजंग झरीचा. वडील आप्पाराव जेमतेम जमिनीवर राबणारे शेतकरी. घरात मराठी, शाळेत उर्दू. गणित उर्दूत, इतिहास उर्दूत, स्वप्नंसुद्धा अर्धी उर्दूत. पुढं शिकायला तो हैदराबादला गेला आणि निजामाचं राज्य गेलं. आनंद झाला, गावात साखर वाटली. पण त्याच सुमारास कॉलेजातली शिकवण्याची भाषा उर्दूऐवजी इंग्रजी झाली. जो पोरगा वर्गात दुसरा होता, तो पुढच्या परीक्षेत नापास झाला. मग पुन्हा एकदा झाला. डोक्यात होतं ते सगळं जागच्या जागी होतं, फक्त ते काढून दाखवायची वाट बंद झाली होती. तेव्हा त्याला कुणी काही विचारलं नव्हतं. "कुवत नाही," एवढंच प्रोफेसर म्हणाले होते. पुढं त्यानं दात-ओठ खात इंग्रजी कमावलं आणि पदवी घेतली, पण ते दोन शब्द त्याच्या छातीत काट्यासारखे राहिले.

आदल्या वर्षी कॉलेजात पहिल्या वर्गाला शहाण्णव मुलं आली होती. मार्चच्या परीक्षेला बसली चव्वेचाळीस, पास झाली तेहतीस. निकाल पंचाहत्तर टक्के. हा आकडा ऑफिसबाहेरच्या फळ्यावर रंगानं लिहिलेला होता. मधल्या मध्ये गेलेली बावन्न मुलं कुठल्याच फळ्यावर नव्हती. भुजंगला शोधायचं होतं ते त्यांना.

तो सायकलवर आधी झरीला गेला. कापसाची वेचणी चालू होती. आश्रुबा नावाचा मुलगा वेचणीच्या ओळीतून पाठ सरळ करत वर आला.

"कोणतं कारण लिहू आश्रुबा? शेतीचं काम?"

"सर, म्या सोडलंच न्हाई," आश्रुबा म्हणाला. "मला परीक्षेचा फारम दिला न्हाई. जानेवारीतल्या कॉलेजच्या परीक्षेत नापास झालो, ते खरं हाय. पन म्हनलं, मार्चला बसू द्या, बगतो. तर हापिसात सांगितलं, तुजं नाव पटावरून कमी झालंय. तुज्या बापाचा अर्ज हाय म्हने."

"वडिलांनी दिला होता अर्ज?"

"बाप म्हनतो, न्हाई दिला."

पोरगा तोंड लपवतोय, असं भुजंगला वाटलं. नापास झालेला पोरगा काहीही सांगतो, त्यानंही कधीकाळी सांगितलं होतं. पण पेडगावात तीन मुलं भेटली, तिघांनीही तेच सांगितलं. चार दिवसांत चौदा मुलं झाली. वेगवेगळ्या गावांतली पोरं शब्दाला शब्द जुळावा तशी तीच हकीगत सांगत होती. भुजंगनं एकाही चौकोनात खूण केली नाही. तक्त्याच्या पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर तो लिहीत गेला.

पाचव्या दिवशी तो पोखर्णीला गेला, सुग्रीवच्या घरी.

सुग्रीव त्याला आठवत होता. शेवटच्या बाकावर बसायचा, मान खाली घालून भराभर नोट्स उतरवायचा, कधी तोंड उघडायचा नाही. अर्थशास्त्रात शंभरपैकी चौदा. पेपर भुजंगनंच काढला होता, तपासलाही त्यानंच होता.

दारात सुग्रीवची आई धुरपदाबाई धान्य पाखडत बसली होती. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, चार एकर कोरडवाहू ती एकटीनं ओढत होती. कॉलेजचा मास्तर आला म्हटल्यावर ती हातातलं सूप ठेवून उठली.

"मास्तर, इम्तिहानाचं काई कळलं का? म्या अंगठा दिला व्हता की त्या कागदावर."

"कोणत्या कागदावर बाई?"

"फारमाच्या. निरोप आल्ता, पालकानं येऊन इम्तिहानाच्या कागदावर सही करावी म्हून. म्या गेले. कारकुनानं कागूद म्होरं केला, म्हनला हितं अंगठा द्या. दिला. दोन दिस अंगठ्याची शाई धुतली न्हाई मास्तर. म्हनलं, पोराचा इम्तिहान हाय."

ओसरीच्या टोकाला सुग्रीव दोर वळत बसला होता. त्यानं वर न बघता म्हटलं, "सर, त्या बाईला इचारा, कोनाचं नाव काढायला गेली व्हती. शेतात राबायला मानूस पायजे व्हता तिला."

आपल्याच आईला तो 'ती बाई' म्हणत होता. धुरपदाबाई आत गेली. मग भुजंगला पाणी देताना हळूच म्हणाली, "दहा महिने झाले. माज्यासंगं बोलंना. भाकर वाढली तर खातो, न्हाई वाढली तर तसाच जातो."

भुजंग परत निघाला. रस्ताभर त्याच्या डोक्यात एकच गोष्ट होती. तो कागद बघायचा.

कॉलेजला सुट्टी होती, पण ऑफिसात कारकून वैजीनाथ एकटा बसलेला सापडला. पन्नाशीचा, निजामाच्या काळात तहसिलीत नोकरी केलेला, अक्षर मोत्यासारखं.

"वैजीनाथराव, गेल्या वर्षी नाव काढलेल्या मुलांचे अर्ज दाखवा."

"कशाला पायजेत?"

"संशोधनाला. प्राचार्यांनीच काम दिलंय."

वैजीनाथनं त्याच्याकडं बराच वेळ बघितलं, मग उठून कपाट उघडलं. फाइल ठेवून तो खिडकीशी जाऊन उभा राहिला, पाठ करून.

बावन्न अर्ज होते. चार-पाच पालकांच्या हातचे असावेत, मोडक्या अक्षरातले. बाकी सगळे इंग्रजीत, एकाच शाईनं, एकाच सुबक अक्षरात लिहिलेले. घरगुती अडचणींमुळे माझ्या पाल्याचे नाव पटावरून कमी करावे, ही विनंती. खाली निळा अंगठा. पुन्हा तेच वाक्य, पुन्हा अंगठा. सुग्रीवच्या अर्जावरचा अंगठा लहान होता आणि जरा फाकलेला, कागदावर जोर देऊन उमटवलेला.

"हे तुमचं अक्षर आहे," भुजंग म्हणाला.

"सायेब सांगतेत तसं मी लिवतो."

"या आईबापांना काय सांगितलं तुम्ही? परीक्षेचा कागद आहे म्हणून?"

वैजीनाथ वळला नाही. "परीक्षेचा कागद हाय, इतकंच म्हनायचं, असं सांगितलं व्हतं. मी तितकंच म्हनलो. गिरामसर, नापास व्हनारी पोरं परीक्षेला बसली की निकाल पडतो. निकाल पडला की मान्यता जाती. हे तुमाला कळत न्हाई असं न्हाई."

"तुमचा मुलगा असता तर?"

"माजा पोरगा दुसरीकडं शिकायलाय," वैजीनाथ म्हणाला, आणि हे बोलल्याची त्याचीच त्याला लाज वाटली असावी, कारण तो लगेच बाहेर निघून गेला.

दुसऱ्या दिवशी भुजंग पुन्हा पोखर्णीला गेला आणि मायलेकांना समोरासमोर बसवून फाइलमध्ये काय बघितलं ते सांगितलं. धुरपदाबाईला आधी समजलंच नाही. समजलं तेव्हा तिनं स्वतःचा अंगठा दुसऱ्या हातानं झाकून घेतला. सुग्रीव उठला, पाण्याचा तांब्या भरला आणि आईपुढं ठेवला. तिनं तो घेतला नाही, दहा महिन्यांचा राग तिलाही होता. तिनं तोंड फिरवलं, तरी तो तिथंच बसून राहिला.

एवढ्यावर अहवाल लिहिता आला असता. पण भुजंगला आणखी एक गोष्ट तपासायची होती. पोरं नापास झाली हे तर खरंच होतं. का झाली? खरंच कुवत नव्हती?

पुढच्या रविवारी त्यानं अकरा मुलांना पोखर्णीच्या नरसिंहाच्या मंदिरात बोलावलं. सभामंडपात त्यांना लांब लांब बसवलं आणि जानेवारीचाच पेपर दिला. प्रश्न तेच, मार्क तेवढेच, वेळ तेवढाच. फक्त मराठीत. "तुमच्या बोलीत लिहिलं तरी चालेल," तो म्हणाला.

पेपर तपासताना त्यानं सुग्रीवच्या दोन्ही उत्तरपत्रिका शेजारी ठेवल्या. मागणी आणि पुरवठ्याचा प्रश्न होता. जानेवारीच्या पेपरात भुजंगच्याच नोट्समधली तीन अर्धवट इंग्रजी वाक्यं होती, क्रियापदं गळलेली, एकाखाली एक पडलेली. मंदिरातल्या पेपरात सुग्रीवनं लिहिलं होतं: "दिवाळीला सगळेच कापूस मोंढ्यावर आणतात म्हणून भाव पडतो. आडत्याला गोदाम असतं, तो थांबतो. शेतकऱ्याला थांबता येत नाही, म्हणून पुरवठा त्याच्या हातात असून नसल्यासारखा. पुस्तकात दोघांना सारखंच मोकळं धरलंय. ते इथं लागू पडत नाही." असा विचार वर्गातल्या एकाही पास झालेल्या मुलानं लिहिला नव्हता. भुजंगला स्वतःलाही तो कधी सुचला नव्हता.

अकरापैकी आठ पास. सुग्रीवला एकसष्ट.

त्या संध्याकाळी भुजंगला आला तसा राग त्याला आयुष्यात कधी आला नव्हता, आणि त्यातला मोठा वाटा त्याच्या स्वतःवरचा होता. वर्गात इंग्रजीतच शिकवायचं, असा प्राचार्यांचा हुकूम होता, हे खरं. पण त्याला ते आवडायचंही. दोनदा नापास होऊन कमावलेलं इंग्रजी तो वर्गात मिरवत होता. शेवटच्या बाकावरच्या पोरांच्या चेहऱ्यावर काय आहे ते त्याला दिसत होतं, कारण तो चेहरा एकेकाळी त्याचाच होता. तरी तो शिकवत राहिला.

पुढच्या भेटीत त्यानं सुग्रीवला दोन्ही पेपर दाखवले. पोरगा खूश होईल असं त्याला वाटलं होतं.

सुग्रीवनं एकसष्टचा आकडा बघितला, मग चौदाचा. "हे चौदा कुनी दिले व्हते सर?"

"मी."

"मंग सायबावर कशाला रागावता? सायबानं माज्या मायचा अंगठा घेतला. पन त्याच्या आदी तुमी मला चौदा दिले. तुमी चौदा दिले नसते, तर तो अंगठा कशाला लागला असता?"

भुजंगनं हे वाक्य अहवालात घातलं, स्वतःच्या नावासकट.

अहवाल एकोणीस पानांचा झाला. किती मुलांना भेटला, कोण काय म्हणालं, अर्ज कुणाच्या अक्षरात आहेत, मंदिरातल्या परीक्षेत काय झालं, सगळं आलं. शेवटी तीन मागण्या: फॉर्म अडवू नयेत, पहिलं वर्ष मराठीत समजावून मग इंग्रजीकडं न्यावं, आणि मागं पडलेल्या मुलांना वेगळे तास द्यावेत. प्राचार्यांनी तो त्याच्यासमोरच चाळला. चेहऱ्यावर काही दिसू दिलं नाही.

"मेहनत घेतलीत. ठेवून जा."

डिसेंबरात बाहेरगावाहून तिघांची समिती आली. दुपारी चहाच्या वेळी सगळ्या प्राध्यापकांना बोलावलं. समितीचे अध्यक्ष पांढऱ्या मिशांचे, मृदू बोलणारे गृहस्थ होते. हातात चार पानं घेऊन ते म्हणाले, "गिराम आपणच का? छान काम केलंत. शेतीच्या कामामुळे एकोणतीस, लग्नामुळे नऊ, कुवत नसल्यामुळे अकरा. आकडे अगदी स्पष्ट आहेत."

भुजंगनं पानं मागून घेतली. शेवटच्या पानावर त्याचं नाव टाइप केलेलं होतं.

"हा माझा अहवाल नाही," तो म्हणाला.

प्राचार्य हसले. "सुट्टीत फार दगदग झाली यांची. संक्षेप केला आहे आम्ही."

"माझा अहवाल एकोणीस पानांचा आहे. त्यात अकरा मुलांची कुवत मी मोजली आहे, आठ पास आहेत. एकानंही कॉलेज सोडलेलं नाही. यांनी त्यांना काढलं आणि त्यांच्या आईबापांच्या अंगठ्यानं काढलं." त्यानं ती चार पानं टेबलावर ठेवली. "माझ्यावर विश्वास ठेवू नका. गेल्या वर्षीच्या अर्जांची फाइल मागवा आणि फक्त अक्षर बघा."

"गिराम, बाहेर जा," प्राचार्य म्हणाले.

"फाइल येऊ द्या," अध्यक्ष म्हणाले.

वैजीनाथला बोलावलं. तो दारात उभा राहिला तेव्हा भुजंगला वाटलं, आता हा म्हणणार, फाइल सापडत नाही. एक वाक्य म्हटलं असतं तरी सगळं मिटलं असतं. वैजीनाथनं प्राचार्यांकडं पाहिलं, मग जमिनीकडं. गेला आणि फाइल घेऊन आला. टेबलावर ठेवताना म्हणाला, "अक्षर माजं हाय."

अध्यक्षांनी एकेक अर्ज उलटला. दहाएक झाल्यावर फाइल मिटली. चष्मा काढून डोळे चोळले. म्हणाले, "या मुलांना येत्या मार्चला बसू द्या. यंदाच्याही कुणाचा फॉर्म अडवू नका. बाकीचं तुमचं तुम्ही बघा, प्राचार्य." तेवढंच. चहा गार झाला होता, तो त्यांनी तसाच प्यायला. प्राचार्यांची खुर्ची जिथल्या तिथं राहिली.

समिती गेल्यावर प्राचार्यांनी भुजंगला गाठलं. "तुम्हाला वाटतं मी राक्षस आहे. हे कॉलेज मी दारोदार हिंडून उभं केलंय. निकाल पडला तर ते बंद होईल. मग त्या तेहतीस मुलांनी जायचं कुठं?"

"त्या बावन्न मुलांना तुम्ही हा प्रश्न कधी विचारला?" भुजंग म्हणाला. "आणि दारोदार हिंडत होतात, तेव्हा धुरपदाबाईच्या दाराशी गेला असतात, तर तिनं तुम्हाला पाणी दिलं असतं. तिला फसवायची गरज पडली नसती."

जानेवारीपासून भुजंग रोज सकाळी वर्गाच्या आधी जादा तास घेऊ लागला. आधी गोष्ट मराठीत, बोलीत, मोंढ्याच्या आणि वेचणीच्या भाषेत. ती पक्की बसली की तिचं इंग्रजी. गेल्या वर्षीच्या बावन्नांपैकी सतरा परत आली, आश्रुबा त्यांतला एक. बाकीच्यांची लग्नं झाली होती, कुणी ऊसतोडीला गेलं होतं, कुणाला पुन्हा त्या पायऱ्या चढायच्याच नव्हत्या. सुग्रीव आला नाही. भुजंग त्याचा फॉर्म घेऊन दोनदा पोखर्णीला गेला. दोन्ही वेळा सुग्रीवनं तो न वाचता परत दिला.

महाराष्ट्र होऊन महिना झाला असेल, तेव्हा निकाल लागला. एकशे सहा मुलं बसली होती, एकावन्न पास झाली. सतरापैकी नऊ. आश्रुबा पास झाला. ऑफिसबाहेरचा पंचाहत्तरचा आकडा पुसून तिथं अठ्ठेचाळीस लिहावं लागलं. संस्थेच्या सभेत प्राचार्य उभे राहून म्हणाले की, काही लोकांच्या भावनिक आग्रहामुळे कॉलेजची प्रतिष्ठा धुळीला मिळाली. गावातली प्रतिष्ठित मंडळी माना डोलावत होती. तेहतीस पोरं पास झाली तेव्हा याच मंडळींनी हार घातले होते. आता एकावन्न झाली तर सुतक पाळत होती. भुजंग मागच्या रांगेतून उठला आणि हे दोन आकडे मोठ्यानं म्हणून दाखवले. सगळ्यांनी ऐकले. त्या जूनमध्ये त्याची नेमणूक झाली नाही.

मानवतच्या हायस्कुलात त्याला जागा मिळाली. तिकडं जाण्याआधी तो पोखर्णीला जाऊन आला. का, ते त्यालाही नीट सांगता आलं नसतं. धुरपदाबाई बांधावर बसून बियाणं निवडत होती. सुग्रीव वखर थांबवून आला आणि आईच्या शेजारी टेकला. तिनं न बोलता भाकरीचं फडकं त्याच्याकडं सारलं.

"नोकरी गेली म्हने तुमची," सुग्रीव म्हणाला.

"गेली."

"मला वाईट वाटलं न्हाई." तो भुजंगच्या डोळ्यांत बघून बोलत होता, वर्गात त्यानं कधी असं बघितलं नव्हतं. "तुमी चांगलं केलं, हे मला कळतंय. पन माजं एक वरीस गेलं, मायसंगं दहा महिने गेले. ते तुमच्या अहवालानं भरून येत न्हाई."

"नाही येत," भुजंग म्हणाला.

सुग्रीवनं भाकरीचा तुकडा मोडला. मग सुग्रीवनं विचारलं, "त्या आडत्याचं म्या लिवलं व्हतं. त्याला गोदाम हाय म्हून तो थांबतो. मंग सगळ्या गावानं मिळून एक गोदाम बांधलं तर पुस्तकाचं गणित बरोबर येतं का? का तिथंबी काई दुसरं निघतं?"

"तू कॉलेजात ये, तिथं—"

"कॉलेजात मी येनार न्हाई. फारमाचं नाव काडू नका. तुमाला येत असंल तर हितंच सांगा."

त्याच्या आवाजात अजून धार होती. भुजंग बांधावर बसला, एक काडी घेतली आणि मातीत रेघा ओढायला लागला. धुरपदाबाई बियाणं बाजूला ठेवून वाकून बघायला लागली.